तीन उन्हाळ्यांचं श्राद्ध

खटाव-माणच्या पट्ट्यात माणूस ऐन उन्हाळ्यात गेलं की तिसऱ्या दिवशी घरच्यांपुढे एक अडचण उभी राहते. राख सावडून झाली, पण ती सोडायची कुठं? चैत्र-वैशाखात येरळेच्या पात्रात वाळू असते, खडक असतात, वेड्या बाभळी असतात. पाणी नसतं. ज्यांना जमतं ते गाडी करून कृष्णेवर, संगम माहुलीला जातात. बाकीच्यांनी पात्रातच डबरं उकरून, त्यात कळशीभर पाणी ओतून राख सोडलेली मी पाहिली आहे. वळवाचा पाऊस आला की जाईल वाहून, असं तिथं जमलेली माणसं एकमेकांना सांगत असतात.

या अडचणीतूनच इकडे एक नवी रीत रुजत गेली. साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात आता पुष्कळ घरांतून राख नदीला जात नाही. ती स्वतःच्या रानात जाते. बांधाच्या कडेला खड्डा घ्यायचा, त्यात रक्षा टाकायची आणि वर आई-वडिलांच्या नावानं झाड लावायचं. नदीत घाण नको हा विचार त्यामागे आहे, आणि माणूस ज्या मातीत राबलं त्याच मातीत राहू दे, हाही आहे. मला ही रीत मनापासून पटते. पण गावोगावी अशी झाडं पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांवर येते. झाड लावल्याचा फोटो सगळ्यांकडे असतो. पाहुणे, सरपंच, भटजी, टोपीवाले मामा आणि मधोमध वीतभर रोप. त्याच जागेचा तीन वर्षांनंतरचा फोटो दाखवा म्हटलं की माणसं इकडंतिकडं बघू लागतात.

आधी राखेचं पाहू, कारण तिच्याविषयी फार गोड समजुती आहेत. राख म्हणजे खतच, असं बहुतेकांना वाटतं. लाकडाच्या राखेत पालाश असतं, चुना असतो, हे खरंच आहे. पण चितेच्या राखेत हाडांचीही राख असते. ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची, आणि त्यातला स्फुरद मुळांना सहज मिळत नाही. शिवाय क्षार असतात. राखेचा सामू फार चढा, म्हणजे ती चांगलीच विम्लधर्मी असते. दोन-तीन घमेली राख खड्ड्यात ओतून तिच्यातच कोवळं रोप उभं केलं, तर त्या रोपाची मुळं भाजल्यासारखी होतात. पानं पिवळी पडतात, कडा करपतात, आणि घरचे म्हणतात, ‘अण्णांच्या मनात काहीतरी राहिलं असंल.’ मनात काही राहिलेलं नसतं. मुळाशी राख जास्त झालेली असते.

मातीमातीतही फरक आहे. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी. तिला थोडी राख मानवते. आमच्याकडची काळी, चुनखडीची जमीन आधीच विम्लधर्मी. तिच्यात राख आणखी भर घालते, आणि मग झाडाला जमिनीतलं लोहसुद्धा नीट उचलता येत नाही. म्हणून जाणती माणसं मूठ-दोन मूठ रक्षा खड्ड्याच्या तळाशी टाकतात, तिच्यावर हातभर पोयटा आणि कुजलेलं शेणखत घालतात, आणि उरलेली राख अख्ख्या रानात पातळ पसरून देतात. बापाची राख सगळ्या वावराला मिळाली, यात कमीपणा कसला?

आणखी एक हिशेब या निमित्तानं मांडायला हवा. एका चितेला ढोबळमानानं तीनशे ते चारशे किलो लाकूड लागतं. पुरतं वाढलेलं एखादं मध्यम झाडच ते. माणूस जाताना गावातलं एक झाड बरोबर घेऊन जातो, तर त्याच्या मागं राहिलेल्यांनी एक झाड उभं करून देणं ही साधी फेड आहे. लावून देणं नव्हे, उभं करून देणं.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं रानमळा हे गाव यात सगळ्यांच्या पुढे गेलं. तिथं नव्वदच्या दशकात गावानं ठरवलं की घरातल्या प्रत्येक मोठ्या प्रसंगाला एक झाड. मूल जन्मलं की शुभेच्छा वृक्ष, लग्न झालं की शुभमंगल वृक्ष, परीक्षेत यश मिळालं किंवा नोकरी लागली की आनंद वृक्ष, लेक सासरी गेली की तिच्या नावानं माहेरची झाडी, आणि माणूस गेलं की स्मृती वृक्ष. सरकारी फतवा नव्हता, कुणाची जयंती नव्हती. गावातल्या घरांत जे घडतं त्यालाच झाड जोडून दिलं. पुढे राज्य सरकारनं ‘रानमळा पॅटर्न’ म्हणून ही कल्पना उचलली आणि शासन निर्णय काढून ग्रामपंचायतींना ती राबवायला सांगितली.

रानमळ्याचं शहाणपण मला नावांपेक्षा त्यामागच्या जबाबदारीच्या वाटपात दिसतं. झाड ‘गावाचं’ म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही, हे आपण सगळ्यांनी रस्त्याकडेला पाहिलं आहे. तिथं प्रत्येक झाडामागे एक घर आहे. आनंद वृक्ष वाळला तर पोराला चैन पडत नाही, माहेरची झाडी वाळली तर लेक दिवाळीला आल्यावर विचारते. आणि स्मृती वृक्ष वाळला तर? त्याला विचारणारं माणूसच गेलेलं असतं. म्हणून पाचांमधलं सगळ्यात नाजूक झाड हेच.

राज्यात पुढं मोहिमा आल्या. २०१६च्या १ जुलैला दोन कोटींचा संकल्प, मग चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ साली तेहतीस कोटी. त्यातली किती जगली यावरून इतका गदारोळ झाला की २०२१ साली चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. राजकारण बाजूला ठेवलं तरी त्यातून एक गोष्ट कळते. कोटीत मोजलेल्या झाडाला पाणी घालणारा हात ठरलेला नसतो. २०२४च्या ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, दिल्लीच्या बुद्ध जयंती पार्कात पिंपळ लावून पंतप्रधानांनी ‘एक पेड माँ के नाम’ मोहीम सुरू केली. आईच्या नावानं झाड ही कल्पना त्यामुळं शाळा-शाळांत पोचली, हे चांगलंच झालं. पण आईचं नाव दिल्यानं झाडाची तहान कमी होत नाही.

आपल्याकडे हा संस्कार जुना आहे, मोहिमांच्या किती तरी आधीचा. आळंदीत ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. त्याच्या मुळ्या माउलींच्या गळ्याला लागल्या आणि त्यांनी एकनाथांना स्वप्नात येऊन त्या काढायला सांगितलं, ही कथा प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक असते. तिथंच सुवर्णपिंपळ आहे. संन्यास घेऊन गेलेला नवरा परत यावा म्हणून माउलींच्या आईनं त्याला प्रदक्षिणा घातल्या, असं सांगतात. देहूला तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या जागी नांदुर्कीचं झाड आहे आणि बीजेला दुपारी ते हलतं या श्रद्धेनं हजारो डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. या झाडांचं वय किती, कथा खऱ्या किती, हा माझा विषय नाही. मला दिसतं ते एवढंच की दगडी समाधी असूनही लोकांचा हात आधी झाडाला लागतो.

आणि वरोऱ्याचं आनंदवन. बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ला गेले तेव्हा त्यांना अग्नी दिला नाही, त्यांच्या इच्छेप्रमाणं दफन केलं. २०११ साली साधनाताई गेल्या, त्याही त्यांच्या शेजारीच विसावल्या. लाकूड जाळायचं नाही, देह मातीला द्यायचा, हा बाबांचा सरळ हिशेब होता. आपल्याकडे लिंगायत समाजात, मुसलमान-ख्रिस्ती समाजात देह मातीलाच जातो. जाळणाऱ्यांच्या घरात जन्मून, उभं आयुष्य झाडं लावण्यात आणि माणसं उभी करण्यात घालवून एका माणसानं शेवटी मातीच निवडली, हे मला विलक्षण वाटतं.

आता जवळून पाहिलेलं एक झाड सांगतो. आमच्या अण्णांचं.

अण्णा चैत्रात गेले. येरळा कोरडी होती. दादा म्हणाला, राख रानात नेऊ आणि चिंच लावू. आई जरा बिचकली. ‘चिंचंवर भूत असतं म्हणत्यात बाबा,’ ती म्हणाली. ‘अण्णाला भूत म्हणायची छाती कुणाची हाय?’ दादानं विचारलं, आणि तिसऱ्या दिवशीसुद्धा आईच्या तोंडावर हसू आलं. चिंच का, तर ती आमच्या मुरमाड रानात जगते, कमी पाण्यावर तगते आणि शंभर वर्षं उभी राहते. अण्णांना आंबा प्रिय होता. पण झाड अण्णांच्या आवडीनं नाही, जमिनीच्या आवडीनं लावायचं, हे दादानं त्या दुःखातही ओळखलं.

रोपवाटिकेतल्या काकांनी मात्र रोप द्यायला साफ नकार दिला. ‘आत्ता नेऊन वाळवनार तुमी. आज खड्डा घ्या. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. उन्हात तापू द्या त्याला दोन महिनं. मातीतली कीड मरंल. रोप मृगात न्या.’ पाहुण्यांना हे रुचलं नाही. विधीला झाड नाही म्हणजे काय? दादानं ऐकून घेतलं आणि खड्डाच घेतला. तिसऱ्या दिवशी आमच्या रानात जमलेल्या माणसांनी एका रिकाम्या खड्ड्याला नमस्कार केला, तळाशी दोन मुठी रक्षा ठेवली आणि सगळे घरी आले. वैशाखभर तो खड्डा उन्हात तापला. ज्येष्ठात दोन पाऊस झाल्यावर दादानं गाळाचा पोयटा, दोन घमेली शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून तो भरला. पिशवीतून काढल्यावर रोपाची मुळं तळाशी गोल गुंडाळलेली निघाली. ती त्यानं विळीनं हलक्या हातानं छाटली, कारण गुंडाळलेली मुळं तशीच पुरली तर झाड पुढं वर्षानुवर्षं स्वतःच्याच मुळांत अडकून राहतं.

पावसाळा झाडाला आपसूक सांभाळतो. हिवाळाही निघतो. खरी परीक्षा माघ सरताना सुरू होते. वैनीनं एक जुना माठ घेतला, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडलं, त्यात सुती चिंधीची वात ओवली आणि माठ रोपापासून हातभर लांब गळ्यापर्यंत पुरला. वर झाकण म्हणून फुटकं परळ. चार-पाच दिवसांनी एक हंडा त्यात ओतायचा. पाणी वातीवाटं थेंबाथेंबानं मुळांशी झिरपतं, उन्हानं उडून जात नाही. बुडात वाळलेल्या गवताचं आच्छादन, भोवती बाभळीच्या फेसाट्यांचं कुंपण. त्या पहिल्या उन्हाळ्यात गावात टँकर येत होता. एका हंड्याची किंमत काय असते हे ज्यांनी रांगेत उभं राहून पाहिलं आहे, त्यांनाच वैनीनं काय केलं ते कळेल.

दुसऱ्या वर्षी कुणाची तरी शेळी कुंपणात घुसली आणि तिनं शेंडा खाल्ला. आई त्या दिवशी जेवली नाही. पण चिंच चिवट. आषाढात खालच्या डोळ्यातून दोन फुटवे आले, दादानं त्यातला सरळ फुटवा ठेवला, दुसरा काढला. मग बुंध्याला वाळवी लागली. चुना, मोरचूद कालवून खोडाला लावलं, माती उकरून निंबोळी पेंड घातली. तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीला झाड दादाच्या डोक्याच्या वर गेलं, तेव्हा वैनी म्हणाली, ‘आता ह्याचं ह्यो बघंल.’ झाडाविषयी यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

हे सगळं तपशिलानं सांगतो आहे, कारण स्मृतिवृक्षाबद्दल लिहिणारे बहुतेक लोक फुलं, सावली आणि पाखरं यांच्यावर येऊन थांबतात. हंडा, वात, शेळी, वाळवी हे त्यात नसतं. आणि झाड जगतं ते यांच्यामुळं.

अडचण पाण्याची संपली की जमिनीची सुरू होते. बाप गेल्यावर सहसा वाटणीही येते. स्मृतिवृक्ष ज्या बांधावर असतो तो बांधच सरकतो. झाड एका भावाच्या हिश्शात जातं, सावली दुसऱ्याच्या पिकावर पडते. चार वर्षं तो गप्प राहतो, पाचव्या वर्षी म्हणतो, ‘माझं दोन तास पीक येत नाही ह्याच्यापायी.’ ते खोटं नसतं. मग एक दिवस मुळाशी काहीतरी ओतलं जातं आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. बापाच्या नावाचं झाड दोन मुलांच्या भांडणात मेलं, अशी उदाहरणं मला अनेक गावांत ऐकायला मिळाली. जमीन विकली तर आणखीच वाईट. नव्या मालकाला ते झाड म्हणजे फक्त झाड.

आमच्याकडे वाटणीच्या वेळी चुलत्यांनी शहाणपण दाखवलं. झाडाभोवतीचा तुकडा दोघांत सामाईक ठेवायचा आणि वाटणीच्या कागदातच तसं लिहून घ्यायचं, असं त्यांनी सुचवलं. सातबाऱ्यावर झाडाची नोंदही करून घेतली. माझं मत विचाराल तर स्मृतिवृक्षाला सगळ्यात चांगली जागा स्वतःच्या बांधाची नाहीच. गावाचं गायरान, शाळेचं आवार, देवळाचा पार, स्मशानभूमीची कड – जिथं वाटणी होत नाही अशी जागा. स्मशानातली झाडं तर मला सगळ्यात उचित वाटतात. तिथं येणाऱ्या माणसाला त्या दिवशी सावलीची गरज असते, आणि आपल्या बहुतेक स्मशानांत पत्र्याच्या शेडखेरीज काही नसतं.

शहरात राहणाऱ्यांची कोंडी वेगळी. फ्लॅटला अंगण नाही, सोसायटीत पार्किंगपुढं झाडाचा निभाव लागत नाही. पुण्यात वारज्याला वनखात्याच्या जमिनीवर २०१५ साली स्मृतिवन सुरू झालं, ते अशा माणसांसाठी मोठा आधार आहे. खात्याची कुंपण घातलेली जमीन, टेकडी, पाण्याची सोय. शहरातल्या झाडाला कायद्याचंही कवच आहे. झाडांच्या जतनाचा राज्याचा नागरी कायदा १९७५चा. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांच्या वरचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं. तोडायचीच वेळ आली तर त्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावून जगवावी लागतात. म्हणजे आज लावलेला स्मृतिवृक्ष आपल्या नातवंडांच्या काळात कायद्यानं वारसा होईल. तोवर त्याला पोचवणं मात्र आपल्याकडे.

परदेशातले मराठी लोकही आता आई-वडिलांच्या नावानं इथं झाडं लावून घेतात. पैसे पाठवले की प्रमाणपत्र येतं, झाडाचा फोटो येतो, नकाशावरचा ठिपका येतो. न्यू जर्सीत बसलेल्या लेकीला तो ठिपका किती मोलाचा असतो हे मी जाणतो. अंत्यदर्शनाला पोचता न आलेल्या माणसाचं दुःख कशानंच भरत नाही. त्या लेकीला माझं एवढंच सांगणं आहे की पैसे देण्याआधी संस्थेला एक प्रश्न विचारा: तीन वर्षांपूर्वी लावलेली झाडं दाखवाल का? जी संस्था लगेच ‘या, बघा’ म्हणते तिला पैसे द्या.

अभिनेते सयाजी शिंदे यांची गोष्ट या सगळ्यात उजळ आहे. तेही आमच्या सातारा जिल्ह्याचे. आई थकत चालली तेव्हा ती गेल्यावर काय लावायचं हा प्रश्न त्यांनी ती असतानाच सोडवला. आईला तराजूत बसवलं, तिच्या वजनाइतक्या देशी झाडांच्या बिया तोलल्या आणि त्या रुजवायचं ठरवलं. आईला आपल्या नावाची झाडं डोळ्यांनी बघता यावीत, यासारखा दुसरा सोहळा नाही. २०१५ पासून त्यांच्या ‘सह्याद्री देवराई’चं काम चालू आहे, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर त्यांनी पहिलं वृक्षसंमेलन भरवलं, त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात हे व्हावं याला अर्थ आहे. पाण्याचं मोल तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पाणी आधी, झाड नंतर, हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर मला भुजमध्ये दिसतं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ भुजियो डुंगरावर स्मृतिवन उभं राहिलं, २०२२च्या ऑगस्टमध्ये ते खुलं झालं. तिथं डोंगरउतारावर पन्नास बंधारे बांधले आहेत आणि गेलेल्या जवळपास तेरा हजार माणसांची नावं त्या बंधाऱ्यांच्या भिंतींवर कोरली आहेत. कच्छसारख्या कोरड्या मुलखात आधी पाणी अडवलं, मग त्या पाण्यावर वन वाढवलं. माणसाचं नाव झाडावर टांगण्याऐवजी त्या झाडाला पाजणाऱ्या पाण्याजवळ लिहिलं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दुष्काळी गावचा माणूस म्हणून मी दंडवत घालतो.

जपानमध्ये १९९९ साली इवाते प्रांतातल्या एका मठानं दगडी थडग्यांऐवजी झाडांखाली दफन सुरू केलं. जर्मनीत २००१ साली कासेल शहराजवळच्या जंगलात तसंच सुरू झालं. जर्मनीतली गंमत अशी की तिथं नवं रोप लावत नाहीत. जंगलात आधीच उभं असलेलं मोठं झाड कुटुंब निवडतं, त्याच्या मुळाशी अस्थी ठेवल्या जातात, आणि त्या झाडावरचा हक्क नव्व्याण्णव वर्षांपर्यंत राहतो. ही गोष्ट आपल्याकडे विचार करण्याजोगी आहे. रस्ता रुंदीकरणात उघडी पडलेली मुळं, पारावरच्या सिमेंटनं गळा आवळलेले पिंपळ, खिळे ठोकलेले कडुनिंब गावोगावी आहेत. आईच्या नावानं एखाद्या जुन्या वडाचे खिळे काढले, बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून माती मोकळी केली, तर ते नवं रोप लावण्याहून उणं कसं म्हणायचं?

झाड कोणतं, हा प्रश्न सगळे विचारतात. गुलमोहर नको. तो मूळचा मादागास्करचा, दिसतो देखणा, पण वादळात फांद्या मोडतात आणि आयुष्यही बेताचं. सुबाभूळ, गिरिपुष्प यांना माझा विरोधच आहे. पारिजातक घराजवळ शोभतो, पण त्याला आयुष्य कमी. वड-पिंपळाला जागा भरपूर हवी. घराच्या भिंतीजवळ त्यांना लावणं म्हणजे पुढच्या पिढीला झाड तोडायला भाग पाडणं. दुष्काळी रानात चिंच, कडुनिंब, करंज. ओढ्याकाठी जांभूळ, अर्जुन, उंबर. कोकणात फणस, कोकम, सुरंगी, बकुळ. आणि आंबाच लावायचा असेल तर कलम नको, कोय लावा. कलमाला चार-पाच वर्षांत फळ येतं, हे खरं. रायवळाला दुप्पट वेळ लागतो. पण त्याचं खोड थोराड होतं, तो शंभर वर्षं जगतो, आणि प्रत्येक रायवळाचं फळ वेगळं असतं, म्हणून गावानं त्यांना नावं दिलेली असतात: शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी, दह्या. तुमच्या आईच्या झाडालाही चव कळल्यावर गावच नाव देईल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पितृपंधरवडा नुकताच सरलेला असेल. यंदा ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे आणि ज्यांच्या मनात त्यांच्या नावानं झाड लावायचं आहे, त्यांना माझी विनंती आहे की घाईनं आत्ता रोप आणू नका. दिवाळीनंतर पाऊस नाही, आणि रोपाला पुढं सलग आठ महिने कोरडे काढावे लागतील. आत्ता फक्त जागा ठरवा. ती वाटणीत जाणार नाही, रस्त्यात जाणार नाही, याची खात्री करून घ्या. चैत्रात तीन फुटांचा खड्डा घ्या, तो तापू द्या, मृगाचा पाऊस झाला की झाड लावा. आणि वर्षश्राद्धाच्या जेवणावळीत दोन पंगती कमी करून ते पैसे माठ, कुंपण आणि तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी वेगळे काढून ठेवा. पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव मात्र आजच, घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा.